बुधावरचा रंकाळा

वनिता,

असं तुझं नाव लिहून सुरुवात करताना हात अडखळतोय. घरात मी तुला नावानं कधी हाक मारली नाही. तुझं नाव घ्यायची वेळ यायची ती बँकेत, नाहीतर दवाखान्याच्या खिडकीशी. आता मात्र जो येतो तो 'वनिता अशी होती, वनिता तशी होती' असं मला सांगतो आणि मी माझ्याच घरात मान हलवत बसतो. तुझे दिवस झाले. वहिनी मुरगूडला परत गेल्या. मी दुकान उघडलं, पुन्हा बल्ब आणि पंखे विकायला लागलो. आणि गेल्या आठवड्यात योनास आला.

हो, तोच. जर्मनीतला. इतकी वर्षं माझ्या जेवणाच्या वेळेला तुझ्या लॅपटॉपमध्ये येऊन बसणारा. मला वाटलं होतं, तू गेलीस तसा आता तोही आपल्या घरातून जाईल. तर हा पठ्ठ्या मुंबईला उतरून, गाडी करून थेट राजारामपुरीत आपल्या दारात उभा. उंच, जरा पोक आलेला, डोक्यावर केस बेताचे. स्क्रीनवर बरा दिसायचा. हातातली फुलं त्यानं तुझ्या फोटोपुढं ठेवली, मग माझ्याकडं वळून म्हणाला, "जेवलात का?" चक्क मराठीत. तूच शिकवलं असणार. माझ्या अंगाची आग झाली.

बायकांचं बरं असतं. त्यांना 'सवत' म्हणायला एक शब्द तरी आहे. पुरुषानं काय म्हणावं? आणि माझी तर दोन प्रकरणं. एक हा योनास आणि दुसरा तो बुध. आपल्या दोघांत मूल आलं नाही, बुध आला. दुकानात कुणी विचारलं, "वैनी काय करत्यात?" तर मी सांगायचो, बुधावरचे खड्डे मोजते. "मग तेवढ्यासाठी बुधावर कशाला जायाचं? आमच्या गल्लीत यिऊ द्या की," असं म्हणून लोक हसायचे. मीही हसायचो. पण घरी येऊन बघावं तर तू त्या खड्ड्यांवर अशी वाकलेली असायचीस की पंखा बंद पडलाय हेही तुला कळलेलं नसायचं. माझ्याकडं तू असं वाकून कधी बघितलंस?

पहिल्यांदा तू मला ते समजावलंस तो दिवस मला आठवतो. बुध म्हणजे सूर्याला सगळ्यात जवळचा. दिवसा तिथली जमीन इतकी तापते की शिसं पातळ व्हावं. आणि त्याच बुधाच्या दोन्ही टोकांना, ध्रुवांजवळ, काहीतरी आदळून पडलेली विवरं आहेत, ज्यांच्या तळाशी बर्फ साठलेला आहे. मी म्हटलं, "कायतरीच सांगतीस." तू स्वयंपाकघरातून आमटीची वाटी आणलीस. माझ्याच दुकानातली बॅटरी टेबलावर आडवी ठेवून पेटवलीस. वाटीचा काठ उजळला, तळ काळाच राहिला.

"अहो, ध्रुवावर सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. असा काठाला घासून फिरत राहतो. मग तळाला ऊन लागणार कधी?"

"कवा?"

"कधीच नाही."

मी वाटीत डोकावून बघितलं. "मग एखादा आपला बारा वॅटचा लावून यिऊ की."

तू इतकी हसलीस की बॅटरी घरंगळत खाली पडली. तुला हसवलं म्हणून मी दिवसभर खुशीत होतो. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला, तू तोच बल्बचा विनोद इंग्रजीतून त्याला सांगत होतीस आणि तो खो खो हसत होता. विनोद माझा, हसणारी बायको माझी, आणि मजा घेणारा तो. वरण गार झालं माझं त्या दिवशी.

त्यात मला तुझे ते बुधाचे फोटो धड दिसायचेही नाहीत. तू म्हणायचीस हे बघा विवर, आणि मला मात्र फुगलेली पुरी दिसायची. खड्ड्याच्या जागी टेकडी. तू सांगायचीस, उजेड वरून येतोय असं धरून आपले डोळे चालतात, फोटोत तो खालून आला की खोल ते उंच वाटतं, म्हणून फोटो फिरवा. मी लॅपटॉप फिरवायचो, मान वाकडी करायचो, मग कधीतरी एकदम ती पुरी आत बसायची आणि खड्डा व्हायचा. "दिसलं, दिसलं!" म्हणून मी ओरडायचो. योनासला म्हणे फिरवायला लागायचं नाही. त्याला पहिल्या नजरेत खड्डा दिसायचा. हे तू मला का सांगितलंस? नसतं सांगितलंस तर चाललं असतं.

पण खरी ठिणगी पडली ती नावांवरून. बुधावरच्या विवरांना कलावंतांची नावं देतात, तीही ते जाऊन काही वर्षं झाली की मग. पण सगळ्याच खड्ड्यांना कुठं नावं असतात? बिननावाचे ढिगानं असतात. कामाच्या सोयीसाठी तुम्ही बुधावर काम करणारे लोक त्यांना आपापसात टोपणनावं ठेवायचात. आणि नावं ठेवायचं काम तुझ्याकडं आलं तेव्हा तू बुधाच्या दक्षिण ध्रुवावर कोल्हापूर वसवलंस. उंच काठाचं विवर ते पन्हाळा. एका रेषेत पाठोपाठ पडलेले लहान लहान खड्डे, त्यांना राजारामपुरी पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशी नावं. सगळ्यात चिमुकलं ते मुरगूड. माझं गाव! मी म्हटलं होतं, "सासरला एवढासा खड्डा व्हय?" तर म्हणालीस, "आकारावर जाऊ नका."

आणि एका गोल, रुंद विवराला तू रंकाळा म्हणालीस. ते मला लागलं. रंकाळा आपला होता. लग्न ठरल्यावर आपण तिथं फिरायला जायचो तेव्हा मीच तुला सांगितलं होतं की इथं मुळात दगडाची खाण होती म्हणतात, पाणी मागाहून आलं. "म्हणजे खड्डाच की हा," असं म्हणून तू एकदम थांबली होतीस, आणि मला वाटलं होतं, ही बाई माझ्या बोलण्यावर भाळली. ते नाव तू उचललंस आणि त्याच्या तोंडात दिलंस. रोज दुपारी तो 'रानकाला' 'रानकाला' करायचा. ज्यानं रंकाळ्याचं पाणी बघितलं नाही, काठावरची भेळ खाल्ली नाही, तो.

शेवटी मी सरळ विचारलं, "एका खड्ड्याला माझं नाव दे की."

"जिवंत माणसाचं देत नाहीत."

"ते सरकारी नावांचं झालं. तुमच्या टोपणनावांत कुठं हाय असला नियम?"

"तुम्ही कलावंत पण नाही."

"आन् मुरगूड काय चित्रं काढतंय व्हय?"

तेव्हा तू चष्मा कपाळावर सारून म्हणालीस, "नवऱ्याचं नाव घेत नाहीत आमच्यात." आणि परत स्क्रीनकडं वळलीस. चेष्टा होती, कळत होतं. पण तू लग्नातसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतंस. सगळ्या बायका भोवती जमून 'नाव घे, नाव घे' म्हणून मागं लागल्या होत्या, आई हातात लाडू घेऊन उभी, आणि तू म्हणालीस, "मला यमक जुळवता येत नाही." दुसरी एखादी असती तर पाठ केलेला उखाणा म्हणून मोकळी झाली असती. दत्तात्रय हे काय इतकं अवघड नाव आहे? दगडाधोंड्यांना, खड्ड्यांना जमतं नाव द्यायला, आणि माझं घ्यायला जमत नाही. हे माझ्या मनात तेव्हापासून होतं, ते आज लिहिलं.

आणि एक भांडण आपलं राहूनच गेलं. बुधाकडं निघालेलं नवं यान पोचून फोटो पाठवायला लागेल तेव्हा तू जर्मनीला यावंस, सगळ्यांनी मिळून ते बघावं, असं त्या लोकांचं बोलावणं आलं होतं. दक्षिण ध्रुवाचे धड फोटो आजवर मिळालेच नव्हते. तू किती वर्षं त्याचीच वाट बघत होतीस. मी म्हटलं, "जा की, कोण अडवतंय?" असं म्हणून ताटावरनं उठलो. तू म्हणालीस, "हे जा म्हणणं झालं का?" मी चप्पल घालून दुकानात निघून गेलो. मला जे विचारायचं होतं ते वेगळंच होतं. लग्नाआधी दोन वर्षं तू तिथं राहून आलेली. तिथं तुझी माणसं, तुझं काम, तुझ्या डोक्यानं चालणारं जग. कोल्हापूरला तू परत आलीस, माझ्याशी लग्न केलंस, ते मनापासून की आपलं जमलं म्हणून? आणि आता गेलीस तर परत येशील का? एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर आलं नाही. मग तुझं दुखणंच निघालं आणि जाण्याचा विषय कुणी काढला नाही.

दवाखान्यात तू फोनवर त्याला विचारायचीस, "यान कुठवर आलं?" मला विचारायचीस, "अहो, जेवलात का?" मला तेव्हाही त्याचाच हेवा वाटला. त्याच्यासाठी आभाळातल्या गोष्टी आणि माझ्यासाठी डबा. आता दुपारी मला तो प्रश्न विचारायला कुणी नाही, आणि ज्यानं विचारला तो योनास.

तर तो कशाला आला होता? सावकाश इंग्रजीत म्हणाला, "तिनं जी नावं दिली, त्या जागा मला बघायच्या आहेत." मला नाही म्हणता आलं नाही. दाराशी आलेल्या पावण्याला आपण नाही म्हणत नाही, त्याचा हा फायदा. दुकान बंद ठेवलं, ओम्नी काढली. पहिल्यांदा मुरगूड. दादा गोठ्यातनं हात पुसत आला. "ह्यो कोण रं?"

"वनिताच्या कामातला."

"तिच्यासाठी एवढ्या लांबनं आलाय? मग आपल्यातलाच की," असं म्हणून दादानं त्याला तांब्याभर दूध दिलं. मला वेगळं विचारलंही नाही. योनास दूध प्यायला, शेतं बघितली आणि मला म्हणाला, "त्या विवराला लहान म्हटलेलं तिला चालायचं नाही." गाडीत बसल्यावर ते वाक्य बराच वेळ माझ्यासोबत होतं.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. तटाजवळ झुणका-भाकरी घेतली. हिरव्या मिरचीचा खर्डा त्यानं चटणी समजून बोटभर उचलला. मी बघत होतो, सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. कानापर्यंत लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. भाकरीवाली मावशी धावली, "अवो पावणं, दही खावा, दही!" आणि मला रागवली, "तुमी सांगू नाही व्हय?" मला, खरं सांगतो, बरं वाटलं. पण नंतर तटावर उभं राहून खालची शेतं बघताना त्याच्या डोळ्यांतून परत पाणी आलं आणि ते खर्ड्याचं नव्हतं. मला तोवर रडू आलेलं नव्हतं. तू गेल्यापासून एकदाही नाही. लोक म्हणत होते, दत्ताभाऊ धीराचे. धीर कसला, आत सगळं आवळून बसलं होतं. आणि हा परका माणूस माझ्या देखत माझ्या बायकोसाठी मोकळेपणानं रडत होता. हेही त्यानं माझ्या आधी उरकलं.

संध्याकाळी रंकाळ्यावर आणलं. आपला नेहमीचा भेळवाला लांबूनच हसला. "या, या. लई दिसानं. वैनी न्हाईत आल्या?"

त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "न्हाय आल्या."

"मग त्यांची कैरी घालून एक बांधून देऊ?"

मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो? पुडी खिशात ठेवली. आम्ही दोघं काठावर बसून आपापली भेळ खायला लागलो. योनास पाण्याकडं बघून हळूच म्हणाला, "रानकाला." मी त्याला म्हटलं, "रंकाळा. ळ. ळ म्हण." त्याला जमेना. त्याला ते जमलं नाही म्हणून मला पुन्हा बरं वाटलं. इतके कसे खोडसाळ तुम्ही, असं म्हणाली असतीस.

भेळ संपल्यावर त्यानं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "आता एकच जागा राहिली. 'अहो'. नकाशात पुष्कळ शोधलं, सापडत नाही. इथून किती लांब आहे?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्याला वाटलं, मला कळलं नाही. फोन काढून त्यानं फोटो दाखवला. मला नेहमीप्रमाणे आधी टेकडीच दिसली. मग तू सांगायचीस तसा मी फोन फिरवला आणि ती आत बसली. खोल, काळं, उभ्या कडांचं विवर. तो सांगत होता, "दक्षिण ध्रुवाजवळचं. तिनं सगळ्यात पहिल्यांदा नाव दिलं ते याला. बाकीची गावं नंतर. भोवतालची जमीन भाजून निघते, पण रडार म्हणतं, आत बर्फ असावा, पुष्कळ. यान पोचलं की पहिल्यांदा अहोमध्ये बघायचं, एवढ्या एका गोष्टीवरून ती आम्हा सगळ्यांशी भांडली. आम्ही विचारायचो, हे अहो म्हणजे काय? तर म्हणायची, कोल्हापूरला आलात की कळेल."

"लांब न्हाय," मी मराठीतच म्हणालो. मग इंग्रजीत, "हियर."

तो तळ्याकडं बघायला लागला. मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. "अहो मीन्स मी. हजबंड. वाइफ, नो नेम. ओन्ली अहो."

त्याला उमगायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही रोज तुमच्याबद्दल बोलत होतो."

तेव्हा मला रडू आलं, वनिता. रंकाळ्यावर, फिरायला आलेल्या लोकांसमोर, हातात दुसऱ्याचा फोन धरून. परदेशात राहून प्राध्यापकांनाही नुसत्या नावानं हाक मारणारी तू, मला 'अहो' म्हणायला लागलीस ते आईला बरं वाटावं म्हणून, असंच मी धरून चाललो होतो. सगळ्यात आधी मी होतो आणि मला वाटत होतं, मी कुठंच नाही. बर्फ मात्र जरा जास्तच झाला. चौकात सगळ्यात मोठ्यानं भांडणारा माणूस मी, माझ्यात तुला बर्फ दिसला! तेवढ्यावरून आपलं एक चांगलं भांडण झालं असतं. ते भांडायला तू पाहिजे होतीस.

योनासनं मला सावरू दिलं. मग म्हणाला, अहोच्या काठाला काठ लावून आणखी एक विवर आहे, त्याला अजून नाव नाही. आमच्या लोकांचं म्हणणं आहे की ते तिला द्यावं. सरकारी नाही, आपलं कामापुरतं. "पण वनिता तर तिला सगळेच म्हणायचे," तो म्हणाला. "ती तुम्हाला अहो म्हणायची. तुम्ही घरात तिला काय म्हणायचात?"

माझ्या ओठांवर आलं होतं. चांगला माणूस आहे तो, हे मला दोन दिवसांत कळलं होतं, आणि त्यानं किती मनापासून विचारलं होतं. मग डोळ्यांपुढं आलं, रोज दुपारी, माझ्या जेवणाच्या वेळेला, जर्मनीत बसून हा तुला ती हाक मारणार. त्याचे सगळे सोबती मारणार. ळ म्हणता न येणारी माणसं.

"वनिता," मी म्हटलं. "मीपण वनिताच म्हणायचो."

त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. जाताना मी त्याला खर्ड्याची बाटली दिली आणि परत ये म्हणून सांगितलं, तेही खरंच. तुझी कैरी घातलेली भेळ घरी आणली होती, ती मीच खाल्ली.

खोटं बोललो त्याच्याशी. बोललो तर बोललो. रंकाळा दिला त्याला, पन्हाळा दिला, मुरगूडसुद्धा दिलं. मीही आता त्यांच्याकडं असतो रोज. पण एवढी एक हाक मी कुणाला देणार नाही, अगं.